फळी, स्की आणि प्रेसलाबरांचं टेबल

लासाख या बर्फाळ खोऱ्यातल्या गावात व्हर्गिल प्रेसलाबरला कुणी 'कसा आहेस' म्हणून विचारत नसे. 'आज कुणाला?' असं विचारत. व्हर्गिलकडे बहुतेक वेळा नाव तयार असे.

दिसायला तो काही आडदांड नव्हता. उंची बेताची, मान आखूड, कान थंडीने कायमचे लाल. पण चेहऱ्यावर सतत असा भाव, की समोरचा माणूस काहीतरी वावगं बोलणार आहे आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण उत्तर द्यायला हवं. उत्तर तो हाताने देई. बोलण्यात फार वेळ जातो असं त्याचं मत होतं, आणि हे मत मांडतानाही तो तोंडापेक्षा कोपर जास्त वापरी.

हे त्याला वारशात मिळालेलं. बाप ओस्वाल्ड म्हणजे स्कीवाल्यांना डोंगरावर ओढून नेणाऱ्या, खोऱ्यातल्या एकुलत्या एका लिफ्टचा मालक आणि स्की-शाळेचा मुख्य. परक्या पाहुण्यांना तो हसून शिकवी, कारण त्यांच्याकडून शिलिंग घ्यायचे असत. पोराकडून घ्यायचं काहीच नव्हतं, म्हणून त्याला काठीने शिकवी. गुडघा वाकला नाही तर स्कीची काठी नडगीवर, जास्त वाकला तर पाठीवर. बरोबर वाकला तर काहीच नाही, आणि हे 'काहीच नाही' मिळवायला व्हर्गिलने लहानपणची सगळी वर्षं घालवली. एकदा शर्यतीत तो दुसरा आला तेव्हा ओस्वाल्डने त्याला सगळ्यांदेखत बर्फात उलटा रोवला. मंडळी म्हणाली, बापाचा किती जीव आहे बघा पोरावर. लासाखमधली मंडळी अशीच आहेत.

मिसरूड फुटता फुटता व्हर्गिलला स्की-मास्तरांचं लाल जाकीट मिळालं. लासाखमध्ये लाल जाकीट म्हणजे पाद्र्याच्या एक पायरी वर. बीअर दुसऱ्याच्या खर्चाने, चर्चमध्ये पुढचं बाकडं, आणि मुख्य म्हणजे पाठीमागून कुणी हात टाकत नाही; टाकला तर सगळे मास्तर मिळून त्याचा सूड घेतात. अशी मोठी कामं रूपर्ट हात्सर नावाचा थोराड मास्तर बघे. त्याचे पंजे एवढे मोठे, की त्याच्या हातात बीअरचा मग औषधाच्या बाटलीसारखा दिसे.

आणि मग फळीवाले आले.

नव्वद साल उजाडलं तेव्हा शहरातली पोरं दोन स्कीऐवजी एकच रुंद फळी पायांना बांधून, आडवं उभं राहून डोंगरावरून खाली यायला लागली होती. तिला स्नोबोर्ड म्हणायचे. ओस्वाल्ड तो शब्द तोंडात घेत नसे. "देवाने माणसाला दोन पाय दिलेत," तो म्हणे. "ते एकत्र बांधून घ्यायला तो काय बाजारात नेलेली कोंबडी आहे?" त्याने लिफ्टच्या खांबावर फळीचं चित्र काढून त्यावर फुली मारली. फुलीने भागलं नाही तर व्हर्गिल होताच. दोन हिवाळ्यांत त्याने खोऱ्याच्या खालच्या गावातल्या किती फळीवाल्यांना लिफ्टच्या रांगेतून मानेला धरून काढलं, त्याचा हिशेब त्यालाही नव्हता. एकाची फळी त्याने गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. फळी मोडली नाही, आठवडाभर गुडघा सुजला, आणि त्या सुजेबद्दलही पुढच्याच फळीवाल्याला मार बसला.

लोरेंत्स ट्रोयर मात्र बाहेरचा नव्हता. गावच्या सुताराचा मुलगा, व्हर्गिलच्याच वर्गातला, इन्सब्रुकला शिकायला गेलेला. एका फेब्रुवारीत तो फळी घेऊन परत आला. लिफ्ट बंद म्हटल्यावर फळी पाठीला लावून दीड तास पायी चढला, आणि वरून सुसाट खाली आला तो व्हर्गिलच्या स्की-वर्गाच्या मधून. वर्गात डच बायका होत्या, पहिल्यांदाच स्कीवर उभ्या राहिलेल्या. एक घाबरून बसली, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी.

व्हर्गिलने लोरेंत्सला झाडांच्या कडेला गाठलं.

"व्हर्गिल, ऐक," लोरेंत्स म्हणाला. "मी कुणाला धक्कासुद्धा—"

काठीचा तडाखा कानावर बसला. मग व्हर्गिलने काठ्या टाकल्या, हातमोजे काढले, नीट एकात एक घालून खिशात ठेवले आणि मग मुठीने सुरुवात केली. लोरेंत्सचे पाय फळीला बांधलेले, त्याला पळता येईना की लाथ घालता येईना. तो पडला तरी व्हर्गिल थांबला नाही. पुढचे दोन दात बर्फात पडले आणि त्यांच्याभोवती लाल खड्डा पडत गेला. डच बायकांना वाटलं हा मास्तरांचा काही खास कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोरेंत्सला घसरगाडीवर घालून खाली नेलं. फळी मागे राहिली. ती सरपणाला होईल म्हणून व्हर्गिल घरी घेऊन आला.

आता ती सरळ चुलीत जायची. पण गोठ्यामागच्या उतारावर आला तेव्हा व्हर्गिलच्या मनात आलं, त्या सुताराच्या पोराला जमतं ते मला का जमू नये. लिफ्ट बंद झालेली, उजेड होता, बघायला गाईंखेरीज कुणी नव्हतं. त्याने फळी पायांना बांधली, उभा राहिला, आणि फळीने त्याला तोंडावर आपटलं.

साधं नाही. ओठ फुटला. तो उठला, आणि तिने त्याला पाठीवर आपटलं. डोकं गोठलेल्या बर्फावर असं आदळलं की क्षणभर गाई दुप्पट झाल्या. व्हर्गिलने फळी सोडवली आणि तिला लाथ घातली. अंगठा मोडला. मग तो बसून राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला असं काहीतरी भेटलंय जे आपल्याला मारतं आणि ज्याला उलटून मारता येत नाही.

स्कीला त्याने कधीच जिंकलं होतं. म्हणजे खरं तर बापाच्या काठीने जिंकलं होतं. पाय आपोआप वाकत, अजूनही नडगी तडाख्याची वाट बघत असल्यासारखे. पण फळीवर वाकायचं कसं हे ओस्वाल्डला ठाऊकच नव्हतं. तिथे काठी नव्हती. नुसतं पडणं होतं, आणि ते त्याचं स्वतःचं.

तो हिवाळा संपेपर्यंत आणि पुढचा सुरू झाल्या झाल्या, रोज संध्याकाळी व्हर्गिल गोठ्यामागे मार खाऊन येई. मनगट, ढुंगण, बरगड्या. आई फिलोमेना जेवणाच्या टेबलाशी त्याचा काळानिळा गाल बघून विचारी, "आज कुणाला?" आणि व्हर्गिल म्हणे, "आज मलाच." मग एक दिवस फळी वळली. उताराच्या मध्यावर, त्याला हवी तेव्हा, हवी तिकडे, कापडातून कात्री जावी तशी. व्हर्गिल खाली येऊन उभा राहिला आणि त्याला कुणालाच मारावंसं वाटेना. ही अवस्था नवी होती. त्याला जरा भीतीच वाटली.

स्कीवाल्याच्या मागे बर्फात दोन रेघा उमटतात, फळीवाल्याच्या मागे एक. नोव्हेंबरच्या शेवटी ओस्वाल्ड गोठ्यात लवकर गेला आणि आपल्याच जमिनीवर त्याला एक रेघ दिसली. कोण शिरला म्हणून तो कुऱ्हाड घेऊन रेघेमागे निघाला. रेघेच्या टोकाला लाल जाकीट घातलेला त्याचा मुलगा उभा होता.

ओस्वाल्डने कुऱ्हाड फळीच्या टोकावर घातली. व्हर्गिलचे पाय अजून फळीलाच बांधलेले होते.

"बा, पाय आहे तिथे."

"मग काढ पाय."

दुसरा घाव बोटांपासून दोन इंचांवर बसला. व्हर्गिलने मटकन खाली बसून बापाचे घोटे ओढले. ओस्वाल्ड आडवा झाला, कुऱ्हाड लांब गेली, आणि बापलेक उतारावरून गडगडत थेट शेणखताच्या ढिगात. तिथे त्यांनी एकमेकांना मनापासून हाणलं. ओस्वाल्ड पन्नाशी उलटलेला, पण त्याचा गुडघा पोटात बसला की जेवलेलं आठवायचं. व्हर्गिलने त्याच्या भुवईवर डोकं मारलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी ओस्वाल्डने गळा सोडला नाही.

फिलोमेनाने गाईंच्या पाण्याची बादली दोघांवर ओतली. थंडी अशी, की मारामारी जागच्या जागी गोठली.

"कुत्र्यांना असंच सोडवतात," ती म्हणाली. "आता माणसासारखं बोला. नाहीतर दुसरी बादली भरलेली आहे."

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी मधे पडलेलीच नाही. मी कडेला उभी आहे, मधे शेण आहे."

ओस्वाल्ड धापा टाकत उठला. "जाकीट किंवा फळी," तो म्हणाला. "दोन्ही नाही. जाकीट उतरवलंस तर लिफ्ट बंद. फुली तुलाही लागू."

लिफ्ट बंद म्हणजे डोंगर बंद. डोंगर बंद म्हणजे लासाखमध्ये राहून करायचं काय? गाई मोजायच्या? व्हर्गिलला शहराचं आकर्षण नव्हतं. तिथे ओळखीचं मारायलाही कुणी नव्हतं. त्याला हाच डोंगर हवा होता, आणि फळीवरून हवा होता.

"डोंगर तुझ्या बापाचा आहे का?" तो म्हणाला.

"लिफ्ट माझी आहे. डोंगरावर पायी चढ की. तो ट्रोयर चढतो तसा. आणि हात्सर आणि बाकीचे तुझी वाट बघत असतील, तू त्याची बघितलीस तशी."

ओस्वाल्डने शेण झटकलं, भुवई पुसली, आणि अशा वेळी लासाखमधल्या कुणालाही जे सुचलं असतं तेच त्याला सुचलं.

"क्लाउबाउफ येतायत आठवड्यात," तो म्हणाला. "टेबल ठरवेल."

डिसेंबरच्या सुरुवातीला संत निकोलाउस घरोघरी येतो, पोरांना खाऊ देतो, आशीर्वाद देऊन जातो. तो गेला की त्याच्या मागून क्लाउबाउफ येतात: लाकडी मुखवटे, मेंढ्यांची कातडी, कमरेला हंड्याएवढ्या घंटा. गावचीच अविवाहित पोरं असतात. पण मुखवटा घातला की नाव नाही, तोंडातून शब्द नाही, आणि त्या मुखवट्याखालून बसलेल्या माराची दुसऱ्या दिवशी कुणी वाच्यता करत नाही. ते खोलीत शिरतात आणि जेवणाचं टेबल ओढतात. घरातले तरणे टेबलामागच्या बाकड्यावर बसून ते धरून ठेवतात. टेबल उंबऱ्याबाहेर बर्फात गेलं तर घर हरलं. मग वर्षभर दुकानात, चर्चमध्ये, लिफ्टच्या रांगेत लोक विचारतात, जेवायला कुठे बसता हल्ली?

"टेबल आत राहिलं," ओस्वाल्ड म्हणाला, "तर ती कोंबडीची फळी घेऊन माझ्या लिफ्टला लाग. मी ब्र काढणार नाही. बाहेर गेलं तर फळी चुलीत, आणि तू मरेपर्यंत लाल जाकिटात."

"टेबल पुसते कोण?" फिलोमेनाने विचारलं. "मी. पैज कोण लावतं? हे."

पण हात मिळवले गेले होते, शेणासकट.

आता टेबल धरायला माणसं हवीत. एरवी प्रेसलाबरांचं टेबल धरायला मास्तरांची रांग लागे. या वेळी सगळे मास्तर मुखवट्याच्या बाजूला. हात्सरने व्हर्गिलला दुकानात गाठून सांगितलं, "तू फळीवर गेलास तर उद्या गिऱ्हाईक फळीवर जाईल. मग आम्ही काय, बर्फ विकायचा? आम्ही ओढणार. वाईट वाटून घेऊ नकोस."

"तू हळू ओढलास तर वाईट वाटेल," व्हर्गिल म्हणाला.

ठरलेल्या संध्याकाळी तो बाकड्यावर एकटाच बसला होता. फिलोमेनाने ताटल्या, दिवा, घड्याळ सगळं आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यातला क्रूस तेवढा राहू दिला. "त्याने याहून वाईट पाहिलंय," ती म्हणाली. ओस्वाल्ड शेकोटीजवळ नासपतीच्या दारूचा पेला घेऊन बसला, भुवईवर पट्टी, चेहऱ्यावर तृप्ती. घरधन्याने या वयात टेबलाला हात लावायचा नसतो. बसून बघायचं असतं.

तेवढ्यात दार वाजलं आणि लोरेंत्स ट्रोयर आत आला. मागे त्याचे दोन फळीवाले दोस्त, लिएंत्स शहरातले.

"तू कशाला?" व्हर्गिलने विचारलं.

लोरेंत्सने हसून दाखवलं. पुढचे दोन दात नवे होते, बाकीच्यांपेक्षा पांढरे. "तू माझे पाडलेस," तो म्हणाला. "तुझे पडताना बघायचेत. जवळून."

"मग बस जवळ."

"आणि फळी माझी आहे. हरलास तर माझी फळी चुलीत जाते. तुझ्या बापाने पैज लावताना विचारलं का मला?"

ओस्वाल्ड शेकोटीजवळून म्हणाला, "सुताराच्या पोरा, सरपण कुणाचं आहे ते चूल विचारत नाही."

निकोलाउस आला, मोठी माणसंच दिसल्यावर घाईने आशीर्वाद देऊन गेला. मग अंगणात घंटा.

त्या आवाजात एक जडपणा असतो, पोटात वाजतो. दार आपटलं आणि खोली मेंढ्यांच्या कातड्यांनी, घामाच्या वाफेने आणि लाकडी जबड्यांनी भरली. पहिल्याच झटक्यात टेबल हातभर पुढे गेलं. लिएंत्सच्या दोघांनी ते वरून, कडेला धरलं होतं, दुकानाचा गल्ला धरावा तसं. एका क्लाउबाउफने त्या बोटांवर कोपर आणलं. कडाड झालं. तो पोरगा बोटं काखेत घेऊन बाकड्याखाली गेला आणि तिथून बाहेर आलाच नाही. दुसऱ्याला कातड्यांनी उचललं, दारातून बर्फात भिरकावलं आणि मागे टोपीही फेकली.

"खालून धर," व्हर्गिल लोरेंत्सवर ओरडला. "पाय धर, पाय."

दोघं टेबलाच्या पायांना मिठ्या घालून आडवे झाले. मग त्यांच्या पाठी मोकळ्या झाल्या, आणि पाठींवर काय काय पडत होतं ते बघायला त्यांना सवड नव्हती. घंटेचा काठ व्हर्गिलच्या डोक्यात बसला. कुणीतरी त्याच्या केसांना धरून तोंड टेबलाच्या आडदांडीवर आपटलं, पुन्हा आपटलं. त्याने हाताला लागलेलं पहिलं मनगट पिरगाळलं आणि मुखवट्याच्या आतून लांब, वेड्यासारखी किंकाळी आली. शब्द नव्हता, नियम पाळला गेला.

"ओढा," ओस्वाल्ड मांडीवर थाप मारत होता. "डावीकडून घ्या. अरे डावीकडून, शेळ्या ओढता का तुम्ही?"

टेबल आडवं झालं. दारातून काढायचं तर ते कुशीवर वळवावं लागतं आणि त्यासाठी डावीकडूनच घ्यावं लागतं. ओस्वाल्डला हे ठाऊक असणारच. तरुणपणी त्याने कित्येकांची टेबलं बाहेर काढली होती. लोरेंत्स टेबल आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरला आणि त्याच्या छातीतून हवा निघाल्याचा आवाज आला. तरी त्याने पाय सोडला नाही. सगळ्यात मोठ्या क्लाउबाउफने, ज्याचे पंजे गावात एकाच माणसाचे असू शकत होते, व्हर्गिलच्या बरगडीवर टाच ठेवली आणि भार दिला. टेबल दारात पोचलं. दोन पाय उंबऱ्याबाहेर गेले. बाहेरची थंडी आत आली.

आणि ओस्वाल्ड प्रेसलाबरने आपलं टेबल उंबऱ्यावर बघितलं.

त्या क्षणी तो पैज, फळी, कोंबडी, सगळं विसरला. लग्न झाल्यापासून त्याचं टेबल उंबरा ओलांडून गेलं नव्हतं. त्याच्या डोक्यात आता एवढंच होतं, की काही कातडी त्याच्या घरातून त्याचं टेबल बाहेर नेतायत. पेला भिंतीवर फुटला. बाकडं ओलांडून त्याने टेबलाच्या आतल्या पायावर झेप घेतली, चौकटीला पाय लावला आणि आत ओढायला लागला.

"माझं टेबल," तो म्हणत होता. "माझं टेबल, भिकारड्यांनो."

मास्तर गोंधळले. मुखवट्यांना बोलता येत नाही, म्हणजे 'अरे, तू आमच्या बाजूचा' असं सांगताही येईना. मोठ्या पंजांच्या क्लाउबाउफने ओस्वाल्डच्या खांद्याला हलवून खूण केली. ओस्वाल्डने तो पंजा तोंडात घेतला आणि दात हाडापर्यंत नेले. व्हर्गिलच्या बरगडीवरची टाच उचलली गेली. तो खालूनच उसळला. डोकं लाकडी हनुवटीखाली बसलं आणि मुखवटा उभा चिरला. आत हात्सरचं रक्ताळलेलं नाक दिसलं. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

शेवटचा झटका तिघांनी मिळून दिला. टेबल आत आलं आणि येताना ओस्वाल्डचा खांदा चौकटीत सापडून जागचा निघाला. घंटा अंगणातून दूर गेल्या, लंगडत.

फिलोमेना आतून आली. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली, मग नवऱ्यासमोर उभी राहिली.

"हरलास की जिंकलास?" तिने विचारलं.

ओस्वाल्ड टेबलाच्या पायाला मिठी मारून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर समज हळूहळू उतरत गेली, बघवत नव्हतं.

"टेबल आत आहे," व्हर्गिल म्हणाला. बोलताना तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला.

"दिसतंय मला."

"तूच ओढलंस."

"दिसतंय म्हटलं ना." ओस्वाल्डने ओठ दातांत दाबले. खांदा आता दुखायला लागला होता. "पैज ती पैज. माझ्याशी बोलू नकोस."

लोरेंत्स भिंतीला टेकून हसायचा प्रयत्न करत होता, पण बरगड्या हसू देत नव्हत्या.

आठ डिसेंबरला, मारियामातेच्या सणाला, लिफ्ट सुरू होते. पहिल्या दांडीला ओस्वाल्ड लागतो, त्याआधी कुणी नाही. तारेवरून गलबताच्या नांगरासारख्या लाकडी दांड्या लोंबत येतात. एका दांडीला दोघांनी लागायचं, शेजारी शेजारी, ढुंगण टेकवून, वर ओढून घ्यायचं. ओस्वाल्ड स्कीवर उभा होता, पण उजवा हात छातीशी बांधलेला. एका हाताने एकट्याला दांडी धरता येत नाही. मागे रांगेत लाल जाकिटं, सुजलेली, शिवलेली. त्यांच्या बाजूला, दोन हात अंतर ठेवून, व्हर्गिल टोक तुटलेल्या फळीवर उभा होता. अंगात जुनं तपकिरी जाकीट.

हात्सर पुढे आला. हाताला पट्टी. "चल, मी लागतो तुझ्याबरोबर," तो ओस्वाल्डला म्हणाला.

"हाताला काय झालं?"

"लाकूड फोडताना लागलं."

"चावल्यासारखं दिसतंय."

"लाकूडच होतं," हात्सर म्हणाला. मुखवट्याखालचं मुखवट्याखाली.

ओस्वाल्डने त्याच्याकडे बघितलं, मग मुलाकडे. व्हर्गिलशेजारी कुणीच लागणार नव्हतं. फळीवाला दांडीला आडवा उभा राहतो आणि शेजारच्या स्कीवाल्याला घेऊन पडतो, हे सगळ्यांना ठाऊक. मास्तर त्याचीच वाट बघत होते. पैज हरल्यावर म्हाताऱ्याने ब्र काढायचा नाही हे ठरलं होतं. पण फळीवाल्याच्या शेजारी कुणी उभं राहायचं, हे ठरलं नव्हतं.

"सरक," ओस्वाल्ड व्हर्गिलला म्हणाला.

दांडी आली, बसली, दोघं निघाले. रांगेतून कुजबुज वर चढली.

"आडवा काय उभा राहतोस बाईसारखा?"

"असंच उभं राहतात."

"तुझी फळी माझ्या स्कीवर येतेय."

"तुझी स्की माझ्या फळीवर येतेय, बा."

"गुडघा वाकव."

"इथे नाही वाकवायचा."

"मला शिकवतोस?" ओस्वाल्डने चांगल्या हाताचं कोपर त्याच्या दुखऱ्या बरगडीत घातलं. व्हर्गिल कळवळला, फळी तिरकी झाली, स्कीखाली शिरली, आणि दोघं लिफ्टच्या वाटेत आडवे झाले. दांडी वर उडाली आणि झोके घेत निघून गेली.

नियम असा की पडलेल्याने लगेच बाजूला व्हायचं. त्याऐवजी ओस्वाल्डने बर्फाचा गोळा व्हर्गिलच्या तोंडात कोंबला, आणि व्हर्गिलने त्याची टोपी डोळ्यांवर ओढून डोकं बर्फात दाबलं. मागच्या दांडीवर हात्सर होता. तो येऊन त्यांच्यावर आदळला, उठला, आणि संधी बघून त्याने काठी व्हर्गिलच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा.

"सांगितलं होतं," तो दर तडाख्याला म्हणत होता. "सांगितलं होतं की नाही?"

तिसऱ्याला काठी अडली. ओस्वाल्डने ती एका हाताने धरली होती. त्याने ती अशी पिरगाळली की हात्सर गुडघ्यावर आला, आणि मग तीच काठी त्याच्या मांडीवर मोडली.

"माझ्या लिफ्टवर माझ्या पोराला मारायचं तर मी मारीन," ओस्वाल्ड म्हणाला. "तू रांगेत उभा राहा."

लिफ्ट थांबली होती. सगळा गाव खालून बघत होता. हात्सर मोडक्या काठीकडे बघत बाजूला झाला. व्हर्गिलने तोंडातला बर्फ थुंकला. त्यात थोडं लाल होतं.

"लागलं?" ओस्वाल्डने विचारलं.

"नाही."

"मग उठ. परत खालून."

दोघं खाली आले. ओस्वाल्ड जाऊन पुन्हा पहिल्या जागी उभा राहिला, डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. त्या जागेत शिरताना व्हर्गिलने त्याला कोपर मारलं.